शरियत कोणी सांगायची?

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत पंजाबातल्या काही मुसलमान बायका नवऱ्यापासून सुटण्यासाठी इस्लाम सोडत होत्या. दुसऱ्या धर्माची ओढ हे त्याचं कारण नव्हतं. नवरा मारतो, खायला घालत नाही किंवा परागंदा झाला आहे, एवढ्यावर हनफी पंथाच्या नियमांनुसार बायकोला निकाह तोडून मिळत नसे. तिने धर्म सोडला तर मात्र निकाह आपोआप तुटे. नवरा बेपत्ता असेल तर त्याच्या वयाची माणसं मरेपर्यंत, म्हणजे तो नव्वदीला पोचला असता तोवर, वाट पाहायची. महंमद इक्बाल यांनी आपल्या इंग्रजी व्याख्यानांत या बायकांचा उल्लेख केला आहे. धर्म राखण्यासाठी असलेला कायदाच माणसांना धर्माबाहेर ढकलत असेल तर त्याचा नव्याने विचार नको का, असा त्यांचा रोख होता.

यावर तोडगा काढला तो मौलाना अशरफ अली थानवी यांनी. थानवी देवबंदी परंपरेतले बडे आलिम, सुधारक म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. १९३१ मध्ये त्यांनी ‘अल-हीला अन्-नाजिझा’ हा ग्रंथ लिहिला. हनफी नियम अडचणीचा ठरत असेल तर मालिकी पंथाचा नियम घ्यावा, असं त्यात सांगितलं. मालिकींच्या मते बेपत्ता नवऱ्याची वाट चार वर्षं पाहिली की पुरे, आणि छळ किंवा पोटगी न देणं ही निकाह तोडण्याची रीतसर कारणं. थानवींनी त्यासाठी हिजाझमधल्या मालिकी मुफ्तींकडून मतं मागवली होती. पुढे काझी मोहम्मद अहमद काझमी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणलं आणि १९३९ मध्ये मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. धर्म सोडल्याने निकाह तुटणार नाही हेही त्यात आलं. आज भारतात एखादी मुसलमान स्त्री न्यायालयात जाऊन घटस्फोट मागते ती बहुतेक वेळा याच कायद्याखाली.

मात्र कायदा झाला तेव्हा उलेमा खूश नव्हते. मूळ मसुद्यात असे खटले मुसलमान न्यायाधीशापुढेच चालावेत अशी अट होती आणि ती गळली होती. कारणं त्यांना मान्य होती, मुदती मान्य होत्या, मालिकी नियमांची उसनवारी तर त्यांचीच होती. निकाह तोडणाऱ्या हाताबद्दल त्यांचा आक्षेप होता.

आधुनिक समाजात शरियत कशी लावायची यावर मुसलमानांत मतभेद आहेत, असं म्हटलं की आपल्याकडे लगेच दोन रकाने आखले जातात. एका बाजूला कर्मठ, दुसऱ्या बाजूला सुधारक. थानवींना कुठल्या रकान्यात घालणार? मला वाटतं, भांडण बहुतेक वेळा ‘शरियत काय म्हणते’ यावर दिसत असलं तरी ते खरं चाललेलं असतं ‘शरियत काय म्हणते हे कोणी सांगायचं’ यावर. मुफ्तीने, न्यायाधीशाने, संसदेने, की कुराण हातात घेऊन बसलेल्या साध्या श्रद्धावंताने?

परंपरेपुरतं बोलायचं तर याचं उत्तर एकच एक कधी नव्हतं. शरियत ईश्वराची, पण तिच्यातून नियम काढणारं शास्त्र, म्हणजे फिक्ह, माणसांचं हे उलेमांनाही मान्य आहे. सुन्नींत हनफी, शाफई, मालिकी, हंबली असे चार मजहब आणि शियांचं जाफरी फिक्ह वेगळं. मुफ्तीचा फतवा म्हणजे त्याचं मत. ते पटलं नाही तर माणूस दुसऱ्या मुफ्तीकडे जाऊ शकत असे. या मोकळेपणाला भारतात पहिला धक्का दिला तो इंग्रजांनी. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने ठरवलं की वारसा, लग्न यांसारख्या बाबतींत मुसलमानांना कुराणाचा कायदा लावायचा. मग कायद्याचं पुस्तक हवं झालं. बाराव्या शतकात फरगाण्यातल्या मर्गीनानींनी अरबीत लिहिलेला ‘हिदाया’ फारसीत आणवला गेला आणि फारसीवरून चार्ल्स हॅमिल्टनने तो इंग्रजीत केला. १७९१ मध्ये छापला. दोन भाषांतरांतून गाळून आलेला एक ग्रंथ साऱ्या न्यायालयांत प्रमाण झाला. पुढे १८६० च्या दंडसंहितेने फौजदारी कायदा पूर्णपणे काढून घेतला, १८६४ मध्ये सरकारी काझीही गेले. उरलं ते लग्न, तलाक, वारसा, वक्फ. आज ‘आमची शरियत’ म्हणून ज्याचं रक्षण करण्याची भाषा होते, त्याची हद्द साहेबाने आखून दिलेली आहे, आणि चोराचा हात तोडा अशी मागणी भारतातली एकही जबाबदार मुस्लिम संघटना करत नाही, हे दोन्ही पक्षांनी जरा ध्यानात ठेवायला हरकत नाही.

१९३७ च्या शरियत कायद्याची कथाही अशीच उलटसुलट आहे. तोवर अनेक मुसलमान शरियतीने नव्हे, रूढीने चालत. १८४७ मध्ये मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात खोजा आणि कच्छी मेमन मुलींनी कुराणातला वाटा मागितला. सर अर्स्किन पेरीने निकाल दिला की या जमातींची रूढी मुलींना वाटा देत नाही, तीच चालेल. म्हणजे तेव्हा शरियत मागणं हे बायकांच्या फायद्याचं होतं, आणि १९३७ मध्ये रूढी बाजूला सारून शरियत आणण्यामागे तेही एक कारण होतं. प्रत्यक्षात शेतजमीन मात्र या कायद्यातून वगळली गेली. तो विषय प्रांतांच्या अखत्यारीतला, हे तांत्रिक कारण होतं. पंजाबातल्या जमीनदारांना ते सोयीचं पडलं. खेड्यातल्या मुसलमान कुटुंबाची मालमत्ता म्हणजे मुख्यतः जमीनच. तिथेच शरियत थांबली.

आता थोडं आपल्या मुलखात येऊ, कारण या वादातले तीन ठळक पवित्रे घेणारी तीन माणसं आजच्या महाराष्ट्रात जन्मली. आसफ अली असगर फैजी १८९९ मध्ये माथेरानला, अबुल आला मौदूदी १९०३ मध्ये औरंगाबादला (तेव्हाच्या निजामी राज्यात), आणि हमीद दलवाई १९३२ मध्ये चिपळूणजवळच्या मिरजोळीत.

मौदूदींचं म्हणणं सरळ होतं: सार्वभौम सत्ता अल्लाहची, म्हणून शरियत हाच राज्याचा कायदा. १९४१ मध्ये त्यांनी जमाते इस्लामी स्थापली आणि फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले. १९५३ च्या अहमदियाविरोधी दंगलींची चौकशी करणाऱ्या मुनीर आयोगासमोर त्यांना विचारलं गेलं की तुम्ही पाकिस्तानात इस्लामी राज्य आणलंत आणि भारताने तिथल्या मुसलमानांना मनूचा कायदा लावला तर चालेल का. आपली हरकत नाही, असं त्यांनी सांगितल्याची नोंद १९५४ च्या अहवालात आहे. भारतात राहिलेल्या कोट्यवधी मुसलमानांचं काय व्हायचं ते होवो! त्याच आयोगाने वेगवेगळ्या उलेमांना ‘मुसलमान कोण’ याची व्याख्या विचारली, आणि कोणत्याही दोघांचं उत्तर जुळलं नाही असा शेरा मारला. शरियतीचं राज्य आणायचं तर आधी ती कोणाची शरियत हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना बंदूक किंवा खुर्ची ज्याच्याकडे त्याचं चालतं. झिया-उल-हक यांच्या काळात याचा नमुना दिसला. हुदूद अध्यादेशांतली दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा इस्लामला धरून नाही, असा निकाल १९८१ मध्ये पाकिस्तानच्याच फेडरल शरियत न्यायालयाने दिला. झियांनी न्यायालयाला फेरविचाराचा अधिकार देणारी दुरुस्ती केली, पीठ बदललं, आणि १९८२ मध्ये तोच निकाल उलटला. वर्ष-सव्वा वर्षात अल्लाहचा कायदा दोन वेळा सापडला.

मौदूदींचे खंदे विरोधक देवबंदचेच होते ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मौलाना हुसेन अहमद मदनी यांनी १९३८ मध्ये पुस्तक लिहून मांडलं की हिंदू-मुसलमान मिळून एक राष्ट्र होऊ शकतं. त्यांच्या जमियत उलेमाने फाळणीला विरोध केला. पण त्या राष्ट्रात मुसलमानांचे कौटुंबिक कायदे उलेमांच्या हाती राहावेत, हे मदनींनी गृहीत धरलं होतं. राज्य सेक्युलर, घर शरियतीचं. स्वतंत्र भारतातल्या उलेमांची भूमिका आजही मोटामोटी हीच आहे.

फैजी सुलेमानी बोहरा, मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य, नंतर इजिप्तमध्ये राजदूत. मुस्लिम कायद्यावरचं त्यांचं पाठ्यपुस्तक वकिलांच्या पिढ्यांनी घोकलं. धर्म आणि कायदा यांची सरमिसळ सोडवावी, धर्माचा गाभा कायम ठेवून कायदा काळाप्रमाणे बदलावा, असं त्यांनी १९६० च्या दशकात शांतपणे, पंडिती इंग्रजीत लिहिलं. त्यांच्यावर फार गदारोळ झाला नाही. फार लोकांनी वाचलंही नसावं.

दलवाईंना तो आराम मिळाला नाही. १८ एप्रिल १९६६ ला सात मुसलमान बायकांना घेऊन त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला: तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. कुराणातून सुधारणेचा पाठिंबा शोधत बसण्यात दलवाईंना रस नव्हता. कायदा माणसांनी माणसांसाठी करायचा, तो नागरिक म्हणून मागायचा. त्यामुळे शरियत कोणी सांगायची या प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं, ‘हा प्रश्नच नको.’ फुल्यांच्या सत्यशोधक समाजावरून संघटनेचं नाव ठेवणाऱ्या माणसाकडून हे अपेक्षितच. ते १९७७ मध्ये गेले, चव्वेचाळिसाव्या वर्षी. मंडळाकडे तलाकपीडित बायका येत राहिल्या, पण समाजात त्याचा पाया रुंद झाला नाही. त्याचं खापर नेहमी कट्टरपंथीयांवर फुटतं. मला त्यात एक अडचण दिसते: ज्या बाईला तलाकचा जाच नको आहे पण नमाज हवा आहे, तिला दलवाईंच्या मांडणीत उभं राहायला जागा फार थोडी होती.

ती जागा पुढे मुंबईतल्याच बायकांनी शोधली. त्याआधी शाहबानो. इंदूरच्या या बासष्ट वर्षांच्या बाईला वकील नवऱ्याने १९७८ मध्ये तलाक दिला. उच्च न्यायालयाने पोटगी ठरवली महिना १७९ रुपये २० पैसे. २३ एप्रिल १९८५ ला सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने ती कायम केली. फौजदारी प्रक्रिया संहितेचं पोटगीचं कलम १२५ सर्वांना लागू आहे, एवढं म्हणून थांबता आलं असतं. पण निकालात कुराणाच्या आयतींचा आधार घेऊन तलाकशुदा स्त्रीची तरतूद करणं हे नवऱ्याचं कर्तव्य असल्याचं सांगितलं, वर समान नागरी कायद्याची आठवणही करून दिली. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, जे १९७२ च्या मुंबईतल्या अधिवेशनातून जन्मलं होतं, रस्त्यावर उतरलं. पोटगीची रक्कम कितीशी होती? कुराणाचा अर्थ न्यायालय लावणार का, हा सल त्यापेक्षा मोठा होता. राजीव गांधी सरकारने १९८६ चा कायदा केला, आरिफ मोहम्मद खान यांनी मंत्रिपद सोडलं, आणि शाहबानोने स्वतःच दबावाखाली निकाल नाकारला.

यानंतरचा भाग वृत्तपत्रांनी फारसा सांगितला नाही. शाहबानोचे वकील दानियल लतीफी यांनी १९८६ च्या कायद्याला आव्हान दिलं. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवला नाही, पण त्यातल्या शब्दांचा अर्थ असा लावला की तलाकनंतरच्या इद्दतीच्या तीन महिन्यांत नवऱ्याने बायकोच्या पुढच्या आयुष्याचीच न्याय्य सोय लावली पाहिजे. अनेक न्यायालयांनी ठोक रकमा द्यायला लावल्या. जो कायदा बाईचा हक्क काढून घेण्यासाठी झाला असं सगळे समजत होते, त्यातूनच तिच्या हातात एकरकमी पैसा येऊ लागला. आणि जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की तलाकशुदा मुसलमान स्त्रीला कलम १२५ चीही वाट खुली आहे. मोर्चे, राजीनामे, विशेष कायदा असा प्रवास करून गाडी १९८५ च्या जागी आली.

तीन तलाकच्या बाबतीत मतांचा पसारा याहून मोठा आहे. एका दमात तीनदा म्हटलेला तलाक ही वाईट पद्धत, बिद्दत, यावर बहुतेकांचं एकमत. पण तो लागू होतो का? हनफी म्हणतात होतो. शिया म्हणतात मुळीच नाही, दोन साक्षीदार हवेत. अहले हदीस त्याला एकच तलाक मानतात. प्रेषितांच्या आणि अबू बक्र यांच्या काळात असंच मानलं जाई, खलिफा उमर यांनी तीन धरायला सुरुवात केली, या हदीसवर त्यांची भिस्त, आणि चौदाव्या शतकातल्या इब्न तैमिया यांचा त्यांना आधार. म्हणजे ज्या इब्न तैमियांचं नाव आपल्याकडे कट्टरतेशी जोडलं जातं, त्यांचं मत या बाबतीत बाईच्या सोयीचं. इजिप्तने १९२९ मध्येच कायदा करून तीनचा एक केला. पाकिस्तानात अयुबखानांच्या १९६१ च्या अध्यादेशाने नोटीस आणि नव्वद दिवसांची मुदत आणली. ट्युनिशियात हबीब बुर्गिबांनी १९५६ मध्ये तलाक न्यायालयातच होईल असं ठरवलं आणि कुराणातल्याच दोन आयती शेजारी ठेवून बहुपत्नीत्वही बंद केलं: एक म्हणते बायकांत न्याय करता येत नसेल तर एकच करा, दुसरी म्हणते तुम्हाला तसा न्याय करता येणारच नाही.

भारतात बोर्ड अडून बसलं. पाप आहे पण लागू आहे, असंच त्याने सर्वोच्च न्यायालयातही सांगितलं. २००५ मध्ये भोपाळला आदर्श निकाहनामा काढला तोही इतका सपक की बायकांच्या संघटनांची निराशा झाली. त्याच सुमारास शियांनी आपलं वेगळं बोर्ड काढलं, बरेलवींच्या एका गटाने वेगळं, लखनौच्या शाइस्ता अंबर यांनी बायकांचं वेगळं. सगळ्या मुसलमानांच्या वतीने बोलण्याचा एका संस्थेचा दावा तेव्हाच विरला होता. सरकारला आणि वाहिन्यांना ते उशिरा कळलं.

२००७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने, झकिया सोमन आणि नूरजहाँ सफिया नियाज यांच्या नेतृत्वाखाली, कुराण बोर्डाच्या हातातून काढून स्वतःच्या हातात घेतलं. दहा राज्यांतल्या ४,७१० बायकांची पाहणी त्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. ९२ टक्क्यांवर बायकांना तोंडी तलाक बंद व्हायला हवा होता. त्यांनी मुस्लिम कौटुंबिक कायद्याचा मसुदा लिहिला, स्त्रियांना काझीचं शिक्षण दिलं, हाजी अली दर्ग्याचा आतला भाग बायकांना पुन्हा खुला करून घेतला. आम्ही मुसलमान आहोत, आम्हाला वाचता येतं, अर्थ आम्हीही लावू, ही त्यांची भूमिका. त्याच मुंबईत हसीना खान यांच्या बेबाक कलेक्टिव्हला धर्मग्रंथाचा आधार नको होता; त्यांची लढाई घटनेच्या जोरावर. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयात तीन विरुद्ध दोन मतांनी तीन तलाक बाद झाला तेव्हा दोन्ही संघटना जिंकल्या. पुढे २०१९ मध्ये सरकारने नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली आणि त्या दोन दिशांना गेल्या: आंदोलनाने कायद्याचं स्वागत केलं, बेबाकने विरोध. मला बेबाकचं म्हणणं पटतं. जो तलाक झालेलाच नाही असं कायदा म्हणतो, त्यासाठी नवरा तुरुंगात घालायचा, मग पोटगी कोण देणार?

त्या निकालाची बारीक रचना मात्र विसरण्यासारखी नाही. न्या. नरिमन आणि न्या. लळित यांनी तीन तलाक घटनेच्या समतेच्या कलमावर पाडला. न्या. खेहर आणि न्या. नझीर म्हणाले, ही श्रद्धेची बाब, संसदेने काय ते करावं. तराजू झुकवला न्या. कुरियन जोसेफ यांनी, आणि तो कुराणाच्या आधारे: जे कुराणाविरुद्ध आहे ते शरियत असू शकत नाही. १९३९ मध्ये उलेमांना ज्याची धास्ती होती तेच, मुसलमानेतर न्यायाधीशाने शरियत सांगणं, इथे निर्णायक ठरलं.

बाहेर पाहिलं तर शरियत सांगण्याचा हक्क सरकारांनी कधीच ताब्यात घेतला आहे. मोरोक्कोत २००४ चा सुधारित कुटुंब कायदा राजाच्या धार्मिक अधिकाराच्या बळावर आला. सौदी अरेबियात न्यायाधीश स्वतःच्या फिक्हवर निकाल देत. तिथेही २०२२ मध्ये कौटुंबिक कायदा पहिल्यांदा कलमांत बांधला गेला. अफगाणिस्तानात तालिबानने मुलींना विद्यापीठं बंद केली तेव्हा इजिप्तच्या अल-अझहर धर्मपीठाच्या प्रमुखांनी हे शरियतीविरुद्ध असल्याचं जाहीर केलं. तालिबानने ऐकलं नाही. सुदानचे महमूद मोहम्मद ताहा यांनी शरियतीचा मदिनेच्या काळातला भाग कालबद्ध मानला, १९८३ च्या शरियत कायद्यांना विरोध केला, आणि जानेवारी १९८५ मध्ये खार्तूमला फासावर गेले. त्यांचे शिष्य अब्दुल्लाही अन्-नईम आज मांडतात की राज्याने लादलेली शरियत ही शरियतच राहत नाही, कारण सक्तीने पाळलेल्या धर्माला अर्थ नाही. सेक्युलर राज्याची ही बाजू श्रद्धेच्या आतून मांडलेली आहे, आणि म्हणूनच मला ती दलवाईंच्या बाजूपेक्षा लांब पल्ल्याची वाटते.

समान नागरी कायद्याची चर्चा यात न आणता पुढे जाता येणार नाही, पण ती लवकर संपते. गोव्यात पोर्तुगीज संहिता मुसलमानांनाही लागू आहे, शरियत कायदा तिथे कधी गेलाच नाही, आणि त्यामुळे तिथला इस्लाम बुडालेला नाही. उत्तराखंडचा कायदा जानेवारी २०२५ मध्ये अमलात आला. त्यातून अनुसूचित जमाती वगळल्या आहेत. समानतेला अपवाद चालत असेल तर तो कोणाला आणि का, हे मुसलमानांनी विचारलं तर त्यात वावगं काही नाही.

पुढचं भांडण वारशावर होणार हे दिसतंच आहे. ट्युनिशियाने २०१८ मध्ये मुलामुलींना समान वाट्याचा प्रस्ताव आणला, तो अडकून पडला. कुराणात वाटे आकड्यांत दिलेले असल्याने इथे अर्थ लावायला वाव कमी. सुन्नी नियमाप्रमाणे दोन मुलीच असतील तर त्यांना दोनतृतीयांश, उरलेलं बापाच्या भावांकडे जातं. शिया नियमात तसं होत नाही. केरळात कासरगोडचे वकील सी. शुक्कूर यांना तीन मुली. ८ मार्च २०२३ ला त्यांनी आपल्याच बायकोशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवलं, म्हणजे त्यांच्या मागे भारतीय वारसा कायदा लागू होईल आणि सगळं बायको-मुलींनाच जाईल. काही धर्मपंडितांनी निषेध केला. शुक्कूर यांनी कोणताही कायदा बदलायला सांगितलं नव्हतं, कोणत्याही आयतीचा अर्थ लावला नव्हता. १९५४ च्या कायद्याने उपलब्ध करून दिलेला एक अर्ज भरला होता. निषेध करणाऱ्यांनी सुचवलेला पर्यायही तयार होता: बापाने हयातीत हिबा, म्हणजे दान, करून मालमत्ता मुलींच्या नावे करावी, शरियत त्याला अडवत नाही. दोन्ही वाटांनी भावांच्या हाती काहीच लागत नाही.